पत्रांना घर शोधताना

आपल्याकडे कोणी पीएच.डी. करत असल्याचे कळले की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. कधी संपणार? आणि संपल्यावर पगार किती वाढणार? 'तुम्ही जे शोधता आहात ते आम्हाला कुठे वाचायला मिळेल?' असे विचारणारा विरळाच. आमच्या शाळेतल्या एका सरांना हा प्रश्न एका म्हाताऱ्या बाईंनी विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्याचे काम फिरत फिरत माझ्याकडे आले.

सरांचा विषय आहे कोकणातल्या मुसलमान खलाशांची पत्रे. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या माणसे जहाजावर गेली. कोणी तांडेल झाला, कोणी सारंग, कोणी भंडारी म्हणून स्वयंपाक केला, कोणी इंजिनखोलीत कोळसा लोटला. त्यांनी घरी पाठवलेली पत्रे माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत. लिपी उर्दू, पण चार ओळींनंतर भाषा नकळत घरच्या कोकणीवर येते. त्याच पेट्यांतून जमिनीचे जुने कागद निघतात, ते मोडीत. सर गावोगाव फिरून हे सारे वाचतात, देवनागरीत उतरवतात आणि खाली मराठीत अर्थ लिहितात.

प्रबंध पूर्ण झाला की तो विद्यापीठात जाईल आणि तिथून 'शोधगंगा'वर. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने 'शोधगंगा' हे भांडार उभे केले. ही मोठीच सोय आहे. पण कुवेतला नोकरी करणारा नातू आजोबांच्या एका पत्रासाठी चारशे पानांचा प्रबंध मोबाइलवर उघडून बसत नाही. त्याला एक पत्र, त्याचे छायाचित्र, त्याचा अर्थ आणि दोन ओळींची माहिती हवी असते. म्हणजे ब्लॉग हवा. सर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला उर्दू आणि मराठी दोन्ही टाइप करता येते. तुम्हीच जागा बघा."

मी काही संगणकाची तज्ज्ञ नाही. उर्दू माध्यमाची शिक्षिका, बी.एड. झालेली. पण त्या संग्रहात माझ्या नानांची सात पत्रे आहेत. त्यामुळे जागा बघण्याचे हे काम माझ्यासाठी नुसते तांत्रिक राहिले नाही.

जागा पाहायला निघाल्यावर प्रथम दिसले ते ओस पडलेले वाडे. याहूची 'जिओसिटीज' २००९ साली बंद झाली आणि हजारो हौशी लोकांची पाने एका फटक्यात गेली. त्यातली बरीचशी 'इंटरनेट आर्काइव्ह'सारख्या संस्थांनी धावपळ करून वाचवली. 'पोस्टरस' २०१३ मध्ये मिटले. 'टाइपपॅड' तर पैसे घेऊन जागा देणारी जुनी, नावाजलेली सेवा. २००३ पासून चालू होती, ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. मजकूर उतरवून घ्यायला लोकांना जेमतेम महिनाभर मिळाला. म्हणजे फुकट जागा जाते आणि पैशाची टिकते, असेही नाही.

खास संशोधकांसाठी बांधलेली घरेही सुरक्षित असतातच असे नाही. अमेरिकेत २००६ साली 'सायन्सब्लॉग्ज' सुरू झाले. मोठमोठे वैज्ञानिक तिथे लिहीत. २०१० मध्ये मालकांनी पेप्सिको या शीतपेयाच्या कंपनीला तिथेच आहारशास्त्रावर लिहिण्याची जागा विकली. वाचक संतापले, लेखक संतापले. कंपनीचा ब्लॉग काढून टाकला तरी कित्येक लेखक घर सोडून गेले, आणि २०१७ मध्ये तिथले लेखन थांबले. संशोधकाची पुंजी म्हणजे त्याच्यावरचा लोकांचा विश्वास. शेजारच्या खोलीत कोण राहायला येणार हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे नसेल, तर त्या पुंजीला धक्का बसू शकतो.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गणितज्ञ टेरेन्स टाओ २००७ पासून वर्डप्रेसवर लिहीत आहेत. त्या सेवेत गणिताची सूत्रे नीट उमटतात ही त्यांच्या विषयाची गरज होती. केंब्रिजचे टिमोथी गॉवर्स यांनी २००९ मध्ये आपल्या ब्लॉगवर गणितातला एक अवघड प्रश्न सर्वांसमोर मांडला. अनेक गणितज्ञांनी तिथेच आपापले तर्क लिहिले आणि काही आठवड्यांत वाट सापडली. पुढे तो निबंध सर्वांच्या वतीने 'पॉलिमॅथ' या सामायिक नावाने छापला गेला. यातून मी एवढेच घेतले की जागा चांगली की वाईट हे आधी ठरत नाही. आपल्या विषयाला काय लागते ते आधी ठरते. त्यांना सूत्रे लागत होती. आम्हाला लिपी लागत होती.

उर्दू वाचणाऱ्यांना हे दुःख वेगळे सांगायला नको. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक येईपर्यंत उर्दूची वर्तमानपत्रे कातिब हातानेच लिहीत. पुढे इनपेज आले आणि छपाई सोपी झाली. पण इनपेजमधला जुना मजकूर इंटरनेटवर अक्षरांच्या रूपात जात नसे, त्यामुळे बऱ्याच उर्दू वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे पानांची चित्रेच चढवली. चित्र दिसते, पण शोधता येत नाही. गुगलला त्यात नानांचे नाव सापडत नाही. मराठीची कथाही फार निराळी नाही. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून पहिली अट ठरली: सगळा मजकूर युनिकोडमध्ये. २०१४ पासून मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान आहे. पण मोडीचे फॉन्ट फार थोड्या फोनांत असतात, म्हणून मोडी कागदाचे छायाचित्र आणि खाली देवनागरी पाठ, असे आम्ही ठरवले.

मग मी तीन ठिकाणी चाचणीची पाने उघडली. तिन्ही ठिकाणी नानांचे तेच एक पत्र टाकले: छायाचित्र, उर्दू पाठ, देवनागरी पाठ, मराठी अर्थ. आणि ते माझ्या संगणकावर न पाहता शाळेतल्या शिपाईमामांच्या साध्या फोनवर पाहिले. एका ठिकाणी उर्दू नस्खमध्ये दिसले, कुराणशरीफची अक्षरे असतात तसे. अर्थ तोच, पण नानांचा हात त्यात दिसेना. दुसऱ्या ठिकाणी नस्तालीक उमटले, पण ओळींत अंतर इतके कमी की वरची अक्षरे कापली गेली. नस्तालीक तिरके उतरते, त्याला उंची जास्त लागते. तिसरीकडे उर्दू वाक्यात मराठी शब्द आला की पूर्णविराम उडी मारून भलत्याच टोकाला जाऊन बसे. उजवीकडून डावीकडे जाणारी आणि डावीकडून उजवीकडे येणारी लिपी एकाच ओळीत आली की दिशेचा असा गोंधळ होतो. उपाय साधा निघाला. प्रत्येक लिपीचा परिच्छेद वेगळा ठेवायचा आणि त्याची दिशा ठरवून द्यायची. आणखी एक गोष्ट कळली. अरबी कळफलकावरचा काफ आणि उर्दूचा काफ डोळ्यांना जवळपास सारखे, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळी अक्षरे. 'ये'चेही तसेच. एकाच कळफलकाने टाइप केले नाही, तर शोधणाऱ्याला अर्धी पत्रे सापडणारच नाहीत.

शेवटी आमच्यापुढे जागा उरल्या त्या अशा. फ्रान्समधल्या ओपनएडिशनचे 'हायपोथिसिस' हे २००८ पासून चालणारे, मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांच्या संशोधकांसाठीचे ठिकाण. जागा मोफत, जाहिरात नाही, अर्ज करून प्रवेश. संशोधकांच्या बिरादरीत मान मोठा. पण तिथला कारभार मुख्यतः फ्रेंच, जर्मन, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, आणि आमचे वाचक कोकणात आणि आखातात. 'मीडियम' दिसायला देखणे, पण तिथे सदस्यत्वाची भिंत आणि सजावट त्यांचीच. 'सबस्टॅक' २०१७ पासूनचे, वाचकाच्या ईमेलवर लेख पोहोचवण्यात पटाईत, पण आमच्या म्हाताऱ्या सारंगांना ईमेल नाही. स्वतःच्या सर्व्हरवर वर्डप्रेस बसवणे हे पूर्ण मालकीचे घर; ते सॉफ्टवेअर मुक्त आहे, कुणाच्या परवानगीची गरज नाही. मात्र घर आपले म्हणजे गळकी कौलेही आपणच बदलायची. अद्ययावत ठेवले नाही तर चोर शिरतो, आणि सरांना शाळा, प्रबंध आणि जनगणनेची ड्यूटी सांभाळून हे जमणारे नव्हते.

आम्ही ब्लॉगर निवडले. १९९९ ची ही सेवा, २००३ पासून गुगलकडे. दिसायला जुनाट म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण एक पैसा न देता तिथला साचा आपल्या हाताने बदलता येतो, म्हणून मी त्यात नस्तालीकचा फॉन्ट जोडू शकले आणि ओळींतले अंतर वाढवू शकले. स्वतःचे नाव, म्हणजे डोमेन, त्याला जोडता येते. खर्च फक्त त्या नावाचा, वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास. हे नाव आमचे आहे. उद्या ब्लॉगर बंद पडले तर सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून वर्डप्रेसवर नेता येतो, नाव तेच राहते. कुवेतच्या नातवाला पत्ता बदलल्याचे कळणारही नाही.

शेवटचा पाठ मात्र ब्लॉगवर सोडायचा नाही असे ठरवले. युरोपातल्या सर्न या संशोधनकेंद्राचे 'झेनोडो' हे २०१३ पासूनचे भांडार आहे. तिथे मोफत ठेवलेल्या प्रत्येक दस्तऐवजाला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक मिळतो. पान हलले तरी क्रमांक दस्तऐवजापर्यंत पोहोचवतो, आणि दुसरा संशोधक आपल्या तळटीपेत तो देऊ शकतो. वीस पत्रे झाली की त्यांचा एक संच तिथे ठेवायचा. ब्लॉग ही आमची पडवी, येणाऱ्याजाणाऱ्याने बसावे अशी. झेनोडो ही आतली पेटी.

सरांच्या गाइडना काळजी होती ती चोरीची. कोणी पत्रे उचलून आपल्या नावावर छापली तर? सरांचे म्हणणे असे की तारखेसह जाहीर झालेली गोष्ट चोरणे उलट अवघड. दुसरी काळजी अधिक व्यवहाराची होती. २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधाची साम्यतपासणी होते. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, त्यापुढे चौकशी. आपलाच ब्लॉग आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये, म्हणून ब्लॉगवर फक्त पत्रे आणि टिपा जातात. विश्लेषणाची प्रकरणे प्रबंधासाठी राखून ठेवली आहेत.

सर्वांत अवघड प्रश्न कोणत्याही कंपनीच्या हातातला नव्हता. नानांच्या एका पत्रात त्यांनी गावातल्या कोणाकडून किती रुपये उसने घेतले आणि त्या माणसाने नानीला काय ऐकवले, ते लिहिले आहे. ती माणसे गेली, पण त्यांची नातवंडे आमच्याच मोहल्ल्यात राहतात. अम्मीला वाचून दाखवले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पत्र लाव. नाव झाक. बाबांनी ते नानीला लिहिलेलं, दुनियेला नाही." हा आता सरांचा नियम आहे. ज्या घरचे पत्र, त्या घराला आधी वाचून दाखवायचे. ते म्हणतील तो मजकूर झाकायचा. आणि नंतर कोणी 'काढा' म्हटले तर वाद न घालता काढायचे. म्हणून घरच्यांची शेवटची परवानगी मिळेपर्यंत पत्र झेनोडोत जात नाही. कायमच्या जागेला ठेवताना जास्त विचार करावा लागतो.

या मेहनतीचे फळ लवकरच दिसले. एका पत्रात 'माल आर्या झाला की खत लिहीन' असे वाक्य होते. सरांनी 'आर्या' हे बंदराचे नाव समजून प्रश्नचिन्ह टाकले होते. नातवाच्या फोनवर ते पान पाहून एका निवृत्त सारंगांनी निरोप पाठवला, "आर्या म्हणजे खाली सोडणे. माल उतरला की लिहीन, असं म्हणतोय तो." पोर्तुगीजांच्या गलबतांवरून खलाशांच्या बोलीत आलेला शब्द. तो ओळखणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत, आणि ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात येत नाहीत. त्यांच्यापर्यंत पत्र गेले तरच अर्थ परत येतो.

आपल्या समाजात आता पुष्कळ मुले-मुली संशोधन करू लागली आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच. जागा निवडताना रंगरूप शेवटी पाहा. आपली लिपी तिथे नीट उमटते का, मजकूर उचलून बाहेर पडता येते का, आणि आपल्यानंतर कुलूप कोण उघडणार, हे आधी पाहा. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकले जाऊ शकते, असे गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे. म्हणून आमच्या ब्लॉगच्या किल्ल्या दोन आहेत, एक सरांकडे आणि एक माझ्याकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळा मजकूर पेनड्राइव्हवर उतरतो. आणि प्रत्येक पत्राची एक छापील प्रत त्या त्या घरी जाते. ती लोक त्याच पेटीत, मूळ पत्राशेजारी ठेवतात.