माणशी

1988 च्या सुमाराला सदाशिव पेठेत ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा’ अशा पाट्या सगळीकडे दिसायच्या. भाडं खोलीचं नाही, खाटेचं. खाटेखाली मावेल तेवढी ट्रंक आणि भिंतीतला एक कोनाडा, एवढीच आपली हद्द. भिकारदास मारुतीजवळच्या एका वाड्यात अशा चार खाटा होत्या. मालकीणकाकूंना मुलींची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून त्या गावावरून हाक मारत. कराड, जळगाव, रत्नागिरी आणि मी लातूर. आम्हीही एकमेकींना तेच म्हणू लागलो. पंचावन्नी उलटली तरी अजून तेच म्हणतो.

चौघींत मिळून एक वही होती. शंभर पानी. जिनं खर्च केला तिनं त्याच रात्री लिहायचा. महिनाअखेर बेरीज, भागिले चार, माणशी इतके. साबण, झाडू, काड्यापेटी, दूध. सगळ्यात जास्त पैसा रॉकेलवर जाई, कारण मेस रविवारी दुपारी फीस्ट देऊन संध्याकाळी बंद असायची. त्या रात्रीच्या खिचडीसाठी आम्ही जुन्या बाजारातून वातीचा स्टो आणला होता. आमचं कुणाचंच रेशनकार्ड पुण्यात नव्हतं. काकू आपल्या कार्डावरचं रॉकेल बाटलीनं मोजून द्यायच्या आणि दर जरा चढाच लावायच्या. वाती कात्रीनं एका रेषेत कापल्या तर ज्योत निळी. एखादी वर राहिली की पिवळी, आणि पातेल्याचं बूड काळं. वाती कापायच्या पाळ्याही वहीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या होत्या.

या वहीवरून आम्ही फार भांडलो. सिनेमा, मुलं, अभ्यास यांवरून भांडल्याचं आठवत नाही, वहीवरून मात्र आठवतं. जी दूध पीत नाही तिनं दुधाचे पैसे का द्यायचे? दोन दिवस गावाला गेलं तर मेसवाला खाडा धरतो, मग वहीनं का धरू नये? सगळ्यात मोठा वाद घरून येणाऱ्या जिनसांचा. माझी लातूरची तूरडाळ, रत्नागिरीची आमसुलं, कराडचा गूळ. भाव लावायचा तर गावाकडचा की मंडईतला? अखेर ठरलं, घरचं वहीत येणार नाही.

त्यावर जळगाव गप्प झाली. तिचे वडील नव्हते; मनीऑर्डरच उशिरा यायची, तिथं डाळ-गूळ कुठून येणार? दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, स्टो रोज मीच घासीन. कराडनं साफ नकार दिला. “पाळी पाळीनं घासायचा. तू काही आमची कामवाली नाहीस.” कराडचा आवाज असा होता की पुढे बोलायची सोयच नव्हती. जळगावकडे महिनाअखेरीला पैसे नसायचे, पण तिचं देणं ठरलेलं असायचं. पावणेसात रुपये. पुढच्या महिन्यात ती ते फेडायची आणि त्या ओळीवर काट मारायची. आणि खिचडीवरचं तूप आमच्याइतकंच, कधी कधी आमच्यापेक्षा जास्त, वाढून घ्यायची.

हिशेब लिहायची सवय मी सासरी घेऊन गेले. तिथं तो सासूबाईंच्या डोक्यात असे; लिहिणं म्हणजे अविश्वास, असं त्यांचं मत. मी आपली डायरी साड्यांच्या घडीत ठेवून लिहीत राहिले. मग यूपीआय आलं आणि लिहिणं सुटलं. आता फोन सगळं लिहून ठेवतो, मी वाचत नाही.

गेल्या हिवाळ्यात चौघी शनिवार-रविवार पुण्यात जमलो. मंडईच्या पोटातून आता भुयारी मेट्रो धावते, तिच्यातून लहान मुलींसारख्या फिरलो. वाड्याच्या जागी सहा मजली इमारत आहे, तिच्यापुढे फोटो काढला. पण पैशांचं काहीतरी बिनसलं होतं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या कराडनं हॉटेलच्या खोल्यांचे पैसे आधीच भरले होते आणि आकडा सांगत नव्हती. रत्नागिरीनं जेवणाचं बिल वेटरच्या हातातून ओढून घेतलं. मी रिक्षावाल्याला पैसे देताना दोघींना ढकललं. बिल भरण्यावरून अशी ओढाताण करणाऱ्या बायका मी लग्नकार्यांत पाहिल्या आहेत. त्या बहुधा दूरच्या नात्यातल्या असतात.

जळगाव या ओढाताणीत नव्हती. तिच्या मिस्टरांचं दुकान करोनात बंद पडलं ते पडलंच. ती घरी ब्लाउज शिवते. वैशालीत तिनं नुसती कॉफी घेतली. सुजाताकडे मस्तानी आली तेव्हा म्हणाली, “मला नको, तुझ्यातली चमचाभर चाखते.” तूप ओरपणारी ती मुलगी आमच्यादेखत चमचा पुसून खाली ठेवत होती, आणि आम्ही तिघी खुशाल उदार होत होतो.

रविवारी बेडेकरांची मिसळ खाऊन हॉटेलवर परतलो. बॅगा भरता भरता तीच म्हणाली, “कराड, कागद घे. खोली किती पडली?”

“अगं, जाऊ दे ना.”

“जाऊ दे काय? लिही.”

कराडनं हॉटेलच्याच पॅडवर लिहायला घेतलं. पहिल्या पाच मिनिटांतच भांडण जुंपलं. चमचाभर मस्तानी माणशी धरायची का? धरायची, जळगाव म्हणाली, आणि चमचे तीन होते. रत्नागिरीच्या औषधांचे पैसे वगळले, माझ्या चहाचे घुसवले. आकडा जळगावला जड होता, तिनं तो नीट वाचला आणि म्हणाली, “अर्धे आता, अर्धे पुढच्या महिन्यात.” कराड म्हणाली, “चालेल.” आणखी काही म्हणाली नाही, हे तिचं मोठेपण.

अर्ध्याच्या शेवटी चार आणे उरले. ते नाणं सरकारनं 2011 च्या 30 जूनला चलनातून काढलं, पण यूपीआयला त्याचं काही नाही. रुपयांपुढे टिंब देऊन पंचवीस लिहिलं की जातात. जळगावनं चष्मा वर सारून टिंब दिलं, पंचवीस लिहिले आणि कराडचा फोन वाजेपर्यंत बॅगेला हात लावला नाही. तेवढ्यात रत्नागिरीला आठवलं, स्वारगेटहून येतानाची रिक्षा धरलीच नाही.

“राहू दे गं, ती मी दिली होती,” मी म्हणाले.

तिघी एकदम माझ्यावर ओरडल्या.