कुर्ल्याची पद्मिनी

पद्मिनी हे नाव ऐकले की तुम्हांला चित्तोडची राणी आठवेल. या गाडीला नाव दिले गेले ते तिच्यावरूनच. पण मी सांगणार आहे ती पद्मिनी चार चाकांची. काळे अंग, पिवळे छप्पर, वर सामानासाठी कॅरियर आणि डाव्या बाजूला बाहेर बसवलेला मीटर. मुंबईत राहिलेल्या कोणाही वडीलधाऱ्या माणसाला विचारा; तो या टॅक्सीत नक्की बसला असेल. माझे अब्बा ती वीस वर्षे चालवत होते.

ही गाडी आमच्या कुर्ल्यातच तयार होत असे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रिमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी सुरू केली. जहाजे, विमाने, मोटारी आपल्या देशातच तयार व्हाव्यात, असा त्यांना ध्यास होता. पुढे या कंपनीने इटलीतील फियाट कंपनीशी करार केला. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट ही गाडी आली. सत्तरच्या दशकात तिचे नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाले. नाव बदलले, गाडी तीच राहिली. ती मिळावी म्हणून लोक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. ती हलकी होती, कमी पेट्रोल खात होती. घरगुती गिऱ्हाईक तिकडे वळले. टॅक्सीवाल्यांनी मात्र पद्मिनीची साथ सोडली नाही, कारण तिचा सुटा भाग कुठेही मिळे आणि नाक्यावरचा कोणताही मेकॅनिक ती दुरुस्त करी.

अब्बांनी आपली पद्मिनी १९९३ साली घेतली. त्यासाठी अम्मीच्या बांगड्या गेल्या. तिचा गिअर खाली नव्हता, तो स्टिअरिंगच्या दांड्याला होता. डाव्या हाताने तो वरखाली करताना अब्बा बोलत असत, हसत असत. त्यांचे तिकडे लक्षही नसे. उन्हाळ्यात ही राणी रुसायची. इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी भर रस्त्यात बंद पडे. अब्बा उतरून पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवत आणि झाडाखाली उभे राहत. पुढे सीएनजी आला. हा त्रास गेला, पण टाकीने डिकी अडवली आणि सगळे सामान कॅरियरवर चढले.

आता एक गोष्ट कबूल करतो. पावसाळ्यात अब्बा मला शाळेत सोडायला निघत, तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशीच उतरत असे. माझ्या वर्गातील दोन मुले मारुतीतून येत. टॅक्सीतून उतरताना त्यांनी मला पाहू नये, असे मला वाटे. भिजत जायची माझी तयारी होती. अब्बांनी कधी कारण विचारले नाही. काही दिवसांनी ते स्वतःच गल्लीपाशी गाडी थांबवू लागले.

नव्या शतकाच्या सुरुवातीला पद्मिनीचे उत्पादन बंद झाले. २०१३ साली टॅक्सीचे वय वीस वर्षांपेक्षा जास्त नसावे, असा नियम झाला. नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. जुन्या गाड्यांचा धूर शहराला सोसवत नव्हता. पण अब्बांनी सहा महिन्यांपूर्वीच उसने पैसे घेऊन इंजिनाचे काम करून घेतले होते. "इंजिन तर ठणठणीत आहे," एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

गाडी भंगारात द्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो. तो बाजारही कुर्ल्यातच. जिथे ती जन्मली, तिथेच तिचे दरवाजे, काचा, चाके वेगळी झाली. अब्बांनी मीटर काढून घेतला नाही, काहीच घेतले नाही. परतताना रिक्षात मी त्या गल्लीची गोष्ट काढली. ते म्हणाले, "मला माहीत होते, बेटा. तुझे दप्तर भिजायचे, त्याचे वाईट वाटायचे."

ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात थांबली. ती बातमी मी अब्बांना वाचून दाखवली. त्यांनी नंबर पुन्हा एकदा वाचायला लावला. आता कधी ते माझी गाडी चालवायला घेतात. गिअर खाली आहे हे त्यांना ठाऊक असते, तरी त्यांचा डावा हात आधी स्टिअरिंगच्या दांड्याकडेच जातो.