उतरवलेली दोरी

गेले वर्षभर आमच्या हाती रंधा आला नाही. या मे महिन्यात पडवीतली हत्यारांची पेटी उघडली, तेव्हा पटाशीला गंज चढला होता आणि कानशी गुंडाळून ठेवलेले फडके उंदरांनी कुरतडून टाकले होते. हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते वर खुंटीवर. आम्ही अर्धवट घडवून ठेवलेला लाकडी कामठा तिथे लटकत होता आणि त्याची दोरी चढवलेलीच होती.

लाकडाची धनुष्ये घडवण्याचा छंद आम्हांला निवृत्तीनंतर जडला. आमच्या वसईच्या धर्मग्रामात त्याची थोडीफार थट्टाही होते. संत सबॅस्टियनच्या सणाची तयारी चालली आहे काय, असे मिस्सेनंतर आम्हांला हटकून विचारणारे मित्र आहेत. बाणांनी विंधलेला हा रक्तसाक्षी तिरंदाजांचाही आश्रयदाता संत मानला जातो, हे आम्ही त्यांना सांगतो आणि विषय तेवढ्यावरच राहतो. आम्हांला शिकार करायची नसते. १९७२ च्या कायद्याने ती बंद झाली, ते योग्यच झाले. पेंढ्याच्या भाऱ्यावर चार बाण मारावेत, एवढीच आमची झेप. खरा आनंद बाण मारण्यात नसून कामठा घडवण्यात आहे.

या आनंदाचे मूळ बालपणात आहे. आमच्या वाडीवर केळीच्या कामाला एक वारली आजोबा येत असत. त्यांचा कामठा बांबूचा होता आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीची होती. आमचे थोरले बंधू, दादा, दुपारच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसून हे काम शिकले. आम्ही शेजारी बसून नुसते पाहत राहिलो. कामठा हातात न घेता दूर उभे राहून त्याचा बाक पारखण्याची नजर दादांकडे आली ती त्या आजोबांकडून. ती आमच्याकडे कधीच आली नाही. आम्ही जे शिकलो ते पुष्कळ पुढे, पुस्तकांतून आणि मोडलेल्या लाकडांतून.

ही कला फार जुनी आहे. डेन्मार्कमधील होल्मेगोरच्या दलदलीत १९४४ साली एल्म लाकडाची धनुष्ये सापडली, ती सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत. इंग्लंडचे 'मेरी रोज' हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली वर काढण्यात आले. त्या शोधकार्यात यू नावाच्या लाकडाची शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली. आपल्याकडे या कामाला धामणीचे लाकूड नावाजलेले आहे. धामणीला संस्कृतात धनुर्वृक्ष म्हणतात, यावरूनच तिची योग्यता कळावी. ती लवते, पण सहसा मोडत नाही. म्हणूनच कावडीचे दांडे, हत्यारांचे दांडे आणि बैलगाडीच्या दांड्या यांसाठी तिला मागणी असे.

आमचा हा कामठाही एका बैलगाडीच्या दांडीचाच. आमचे वडील त्या गाडीतून केळीचे घड स्टेशनावर नेत. गाडी मोडून कित्येक वर्षे झाली. एक दांडी तेवढी गोठ्याच्या आढ्याला आडवी पडून होती. तिच्यातून साडेपाच फुटांचा सरळ धाग्याचा तुकडा निघाला, तेव्हा आम्ही दादांना दाखवायला घेऊन गेलो होतो. त्यांनी तो नखाने वाजवून पाहिला आणि म्हणाले, "बाबांची गाडी अजून चालेल म्हणायची!"

कामठ्याला पाठ असते आणि पोट असते. पाठ म्हणजे लक्ष्याकडची बाजू. दोरी ओढली की ती ताणली जाते. पोट आपल्याकडे असते आणि ते दाबले जाते. पाठीवरचा लाकडाचा धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहावा लागतो. तो मध्येच तुटला, तर कामठा तिथूनच चिरफळतो. म्हणून जे काही तासायचे ते पोटाच्या बाजूने. जाडी एक दशांशाने कमी केली की त्या ठिकाणचा ताठरपणा एक चतुर्थांशाहून अधिक उतरतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. एका घाईच्या हाताने महिन्याचे काम वाया जाते ते यामुळेच. आधी वाकस, मग रंधा, मग कानस, आणि शेवटी फुटक्या काचेचा तुकडा, असा हात हळूहळू हलका करत न्यावा लागतो. भिंतीला ठोकलेल्या खुंट्यावर कामठा आडवा बसवायचा, दोरीला दोर बांधून तो खालच्या कप्पीतून घ्यायचा, थोडा ओढायचा आणि दोन्ही बाहू सारखे वाकतात की नाही हे पाहायचे. इथे खरे तर दोन माणसे हवीत. ओढणारा एक आणि दुरून पाहणारा दुसरा.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नेमके हेच करत होतो. कामठ्याला दोरी चढवली होती. वीस इंच ओढल्यावर काटा पंधरा किलो दाखवत होता. तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. दादांना पक्षाघाताचा झटका आला होता. आम्ही कामठा तसाच खुंटीला अडकवला आणि धावलो.

पुढचे वर्ष कसे गेले ते सांगण्यासारखे आहे, असे नाही. अशी वर्षे प्रत्येक घरात येतात. दादांची उजवी बाजू गेली, वाचाही अडखळली. इस्पितळ, औषधे, व्यायाम शिकवणाऱ्याच्या वेळा, विम्याचे कागद, हे सगळे आम्ही आपणहून अंगावर घेतले. त्यातच धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळाचे चिटणीसपद आमच्याकडे होते आणि डिसेंबरात मुलाचे लग्न होते. आम्ही एक वही केली होती. तीत औषधांच्या वेळा, रक्तदाबाचे आकडे आणि खर्च असे सगळे तारीखवार लिहिलेले असे. त्या वहीचा आम्हांला अभिमान वाटे. रोज सकाळी दादांकडे जायचे, आकडे टिपायचे, औषधे मोजायची आणि पुढच्या कामाला निघायचे, हा क्रम एक दिवसही चुकला नाही.

पास्काच्या सणानंतर एके दिवशी आम्ही असेच वही मिटून उठलो, तेव्हा वहिनी दारात आल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. त्या म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही रोज येता. पण बसत नाही."

उत्तर तयार होते. मंडळाची बैठक होती, बँकेत जायचे होते. परंतु ते ओठांवर आले नाही. घरी परतताना मार्था आणि मरियेचा प्रसंग आठवला. संत लूकच्या शुभवर्तमानातला हा उतारा आम्ही देवळात कितीतरी वेळा वाचला आहे, आणि वाचताना नेहमी मनातून मार्थेची बाजू घेतली आहे. कुणीतरी चूल पेटवायला नको का? प्रभूने मार्थेला तिच्या कामाबद्दल बोल लावला नव्हता, तिच्या तगमगीबद्दल लावला होता, ही गोष्ट त्या दिवशी प्रथमच लक्षात आली.

त्यानंतर चार दिवसांनी आम्ही हत्यारांची पेटी उघडली.

कामठा एक संपूर्ण पावसाळा आणि त्यापुढचे महिने दोरी चढवलेल्या अवस्थेत लटकत राहिला होता. लाकूड ओल धरते, आणि ओलसर लाकूड ताणाखाली राहिले की त्याला ताणाचीच सवय होते. दोरी सोडली तरी ते पूर्ववत सरळ होत नाही. खरे तर हे कामठा करणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात: काम संपले की दोरी उतरव. 'मेरी रोज'वरची कित्येक धनुष्येही पेट्यांत दोरी न चढवताच रचून ठेवलेली होती. एवढे ठाऊक असून आम्ही वर्षभरात एकदाही पडवीत डोकावलो नव्हतो.

तो कामठा चुलीत घालावा असा विचार मनात आला, हे कबूल करतो. पण लाकूड बाबांच्या गाडीचे होते. तो घेऊन आम्ही दादांकडे गेलो, आणि त्या दिवशी वही मात्र घरी ठेवली.

दादा ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. आम्ही कामठा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग डावा हात उचलला, आणि शब्द शोधत शोधत म्हणाले, "दोरी... उतरव."

आम्ही तोवर ती उतरवलीच नव्हती! वर्षभराची चूक दिसत असूनही, आधी कामठा दाखवावा, सल्ला विचारावा, अशा घाईत मूळ गोष्ट राहून गेली होती. आम्ही तिथेच गुडघा टेकून कामठा वाकवला आणि दोरी सोडवली. लाकूड सुमारे तीन इंच वाकलेलेच राहिले. दादा काही बोलले नाहीत. आम्ही त्यांच्याजवळ पायरीवर बसलो आणि दुपारच्या जेवणापर्यंत उठलो नाही.

संत जॉन कॅसियन यांनी पाचव्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात संत योहानाची एक गोष्ट दिली आहे. वृद्ध योहान एका तितराला कुरवाळत बसलेला असतो. शिकाऱ्याच्या वेषातला एक माणूस ते पाहतो आणि एवढ्या थोर पुरुषाने असा वेळ घालवावा याचे त्याला नवल वाटते. योहान त्याला विचारतो, तुझ्या हातातले धनुष्य तू सदैव ताणलेले का ठेवत नाहीस? तसे ठेवले तर त्यातला जोर निघून जाईल, असे तो माणूस सांगतो. मनाचेही तसेच आहे, असे मग योहान त्याला समजावतो. ही गोष्ट आम्ही एका तपसाधनेच्या शिबिरात स्वतः इतरांना सांगितली होती. सांगताना ती विश्रांतीची गोष्ट आहे असे वाटले होते. आता वाटते, ती तितराचीही गोष्ट आहे. ताणलेल्या हातांत तितर बसत नाही.

पुढचे तीन आठवडे आम्ही दररोज सकाळी दादांच्या ओसरीवर कामाला बसलो. औषधांची वही पुतण्याच्या हाती दिली. ती आमच्यावाचून व्यवस्थित चालते, हेही कळले. कामठा आधी आठवडाभर कोरड्या जागी नुसता आडवा ठेवला. मग निखाऱ्यांवर पोटाची बाजू हळूहळू शेकून, दाबाखाली बांधून, त्याचा बाक सव्वा इंचापर्यंत कमी केला. नंतर ओसरीच्या खांबाला खुंटा आणि कप्पी बसवली. ओढणारे आम्ही आणि पाहणारे दादा.

दोर पहिल्यांदा ओढला तेव्हाच त्यांचा डावा हात वर झाला. उजव्या बाहूच्या मध्यावर एक जागा जास्त वाकत होती. आम्ही तिच्यावरून शंभरदा बोट फिरवले असेल, पण ती आम्हांला जाणवली नव्हती. दादांना सहा हातांवरून दिसली.

अशा दुबळ्या जागेचे करायचे काय? तासलेले लाकूड परत लावता येत नाही. उपाय एकच असतो. दुबळ्या जागेला हात लावायचा नाही. तिच्या दोन्ही अंगांचे आणि पलीकडच्या सबंध बाहूचे बळकट लाकूड थोडे थोडे खरवडून तिच्या मापाला आणायचे. कामठ्याचा एकूण जोर त्यात जातो. पण ताण सगळीकडे सारखा वाटला जातो आणि कामठा टिकतो. काचेने खरवडताना लाकडाच्या कागदासारख्या पातळ वळ्या पायरीवर पडत राहिल्या. आम्ही वर्षभर नेमके उलटे करत होतो, हे त्या वळ्या झाडताना कळत होते. दादांची गेलेली बाजू आम्हांला आमच्या जोराने भरून काढायची होती. जोर त्यांना नको होता. आम्ही त्यांच्या मापाने हळू व्हावे, एक शब्द यायला लागतो तेवढा वेळ थांबावे, एवढेच त्यांना हवे होते.

एका सकाळी दादांनी हात वर केला नाही. आम्ही दोर वीस इंच ओढला, बावीस ओढला, मग चोवीस. दोन्ही बाहू समईच्या ज्योतीसारखे सारखे झुकले. काटा अकरा किलोंवर थांबला. चोवीस इंचांना वीस किलोंचा कामठा करायचा आमचा बेत होता. दादांनी मान हलवली आणि म्हणाले, "पुष्कळ."

जूनच्या पहिल्या सरी येण्याआधी वाडीत पेंढ्याचा भारा उभा केला. पहिला बाण दादांच्या नातीने मारला; ती अकरा वर्षांची आहे आणि तिच्या हाताला अकरा किलो म्हणजे थोडे जडच. बाण भाऱ्याच्या कडेला लागला. दुसरा मधोमध बसला. तिसऱ्या बाणाआधी आम्ही दादांची खुर्ची पुढे आणली. त्यांनी कामठा डाव्या हातात धरला, दोरी नातीने ओढली. बाण वीसएक पावलांवर गवतात पडला. वहिनी पदराने डोळे पुसत आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव ढगांत आपले धनुष्य ठेवतो. हिब्रू भाषेत युद्धाचे धनुष्य आणि इंद्रधनुष्य यांना एकच शब्द आहे; आपल्या मराठीतही ते नाव फार दूर नाही. महापूर ओसरल्यावर कराराची खूण म्हणून ठेवलेल्या त्या धनुष्याला दोरी नाही, हे आमच्या ध्यानात आजवर आले नव्हते.

चहा झाल्यावर आम्ही बाण गोळा करून उठू लागलो. देवळात पाच वाजता मंडळाची बैठक होती. दादांनी हाक मारली. त्यांचे बोट कामठ्याकडे होते.

आम्ही परत खाली बसलो, दोरी उतरवली, आणि बैठकीला थोडे उशिरा गेलो.