मनगटाची वाट

आमचे आजोबा वैद्य होते. रोग्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवून, डोळे मिटून ते नाडी पाहत आणि मग एखादाच प्रश्न विचारीत. त्या प्रश्नापुढे खोटे बोलण्याची कुणाची छाती नसे. गेल्या आश्विनात डॉक्टरांनी नेमक्या त्याच जागी सुई टोचली, तेव्हा मला आजोबा आठवले. कारण मी चांगले तीन महिने खोटे बोलत होतो. जिना चढताना छाती आवळून येई आणि मी सौभाग्यवतींना सांगे, "अगं, पित्त आहे!"

अँजिओग्राफी म्हणजे छाती उघडणार, अशी माझी भाबडी समजूत. प्रत्यक्षात मनगटाच्या धमनीतून एक बारीक, लवचीक नळी हृदयाशी जाऊन पोहोचली आणि मला पत्ताही लागला नाही. नळीतून औषध सोडताच पडद्यावर पाने झडलेले झाड उमटले. त्याची एक फांदी मध्येच चिमटल्यासारखी बारीक झालेली. पित्ताचे बिंग फुटले!

पुढे खाटेवर पडल्यापडल्या या वाटेचा इतिहास धुंडाळला. मास्तरकीची खोड, दुसरे काय! १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरला वरिष्ठांनी हा प्रयोग मना केला होता. उपकरणे नर्सच्या ताब्यात. 'तुझ्यावरच प्रयोग करतो' असे भासवून या पठ्ठ्याने तिला टेबलाला बांधले आणि नळी सारली ती स्वतःच्याच हाताच्या शिरेत! मग तिला सोडवून, नळी तशीच ठेवून तो जिना उतरला आणि हृदयात पोहोचलेल्या नळीचे क्ष-किरण चित्र घेतले. १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा तो एका लहानशा गावात मूत्ररोगांवर उपचार करीत होता. मला मात्र राहूनराहून त्या नर्सचीच दया येते. फसवणुकीत त्याचे नि माझे गोत्र एकच. फक्त त्याची फसवणूक जगाच्या कामी आली.

माझी फांदी फुग्याने रुंद करून आत जाळीची नळी बसवली. हृदयाच्या धमनीत असा फुगा प्रथम फुगवला तो ग्रुंटझिगने, झ्यूरिचमध्ये, १९७७ साली. त्याचे सुरुवातीचे फुगे घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार झाले होते. हे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "मग! सगळे तिथूनच निघते."

वसुबारसेला घरी आलो. चकल्यांचा वास जिन्यापर्यंत आला होता. मी सावकाश चढत होतो. ती दोन पायऱ्या मागे. मधल्या वळणावर मी जरा टेकलो. तिने माझे मनगट धरले आणि विचारले,

"पित्त?"