भायखळा ते लोणेरे : यादीतली कॉलेजे पाहताना

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी इंजिनिअरिंग कॉलेजांची यादी सुरू होते. महाडच्या माझ्या भाचीची यादी आम्ही दोन दिवस फिरून केली. तिला ९१ पर्सेंटाइल, हवे होते कम्प्युटर. तिच्या अब्बूंची अट एकच : "जिथे पोरगी खरंच राहू शकेल, तेच नाव लिहा."

भायखळ्याला उतरून नागपाड्याकडे चालत गेलो की अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक कॉलेज येते. अंजुमनची स्थापना १८७४ ची. आसपास मशिदी, आपल्या खाण्यापिण्याची सोय. मुलीला परके वाटत नाही. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत काही जागा आपल्या समाजासाठी असतात, पण त्याही गुणांच्या क्रमानेच भरतात. अर्जात अल्पसंख्याक असल्याची नोंद मात्र हवी.

तिथून लोकलने माटुंगा. व्हीजेटीआय १८८७ चे. फाटकातच भाची म्हणाली, "मामू, इथंच!" मोबाइलवर मागच्या वर्षीचा कट-ऑफ काढला. खुल्या गटात कम्प्युटर ९९ च्याही वर. ती गप्प झाली. मी म्हटले, "नाव लिही, सगळ्यात वर लिही. वरचे नाही मिळाले तर खालच्याचा हक्क जात नाही."

जोहरची नमाज उरकून वडाळ्याहून पनवेलची गाडी धरली. नवीन पनवेलला अंजुमनचेच काळसेकर संकुल आहे. इथून महाडची एस.टी. मिळते, शनिवारी घरी जाता येते. हेही यादीत लिहिण्याजोगे कारण आहे.

दुसऱ्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गाने परतताना माणगाव ओलांडून लोणेऱ्याला उतरलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ हे सरकारी विद्यापीठ, आवारात वसतिगृह, आणि महाड तर पुढचेच गाव. मुंबईच्या नादात हे नाव तिच्या पहिल्या यादीत नव्हतेच.

रात्री बहिणीच्या घरी यादी नव्याने मांडली. मागच्या वर्षीचे कट-ऑफ शाखेनुसार आणि आपल्या प्रवर्गानुसार पाहिले. वर अवघड अशी तीन नावे, मध्ये तिच्या पर्सेंटाइलच्या आसपासची सर्वांत जास्त, शेवटी जवळजवळ नक्की मिळतील अशी तीन. प्रत्येक नावापुढे फी, राहण्याचा खर्च, घरी यायला लागणारा वेळ. क्रम आवडीचा, कट-ऑफचा नव्हे. पण जिथे जायचेच नाही ते नाव शेवटीही लिहायचे नाही. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते, म्हणून पहिले नाव घरात सर्वांनी ठरवून लिहावे. बागवान, तांबोळी अशा ओबीसीतल्या कुटुंबांनी जात पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेयरचे दाखले आधीच काढून ठेवावेत.

उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या घरांत सर्वांना पाठ आहे. कॉलेजची यादी म्हणजे तो दोरच. अब्बूंनी ती दोनदा वाचली, लोणेऱ्याचे नाव दोन जागा वर घ्यायला सांगितले, आणि भाचीने "बिस्मिल्लाह" म्हणून अर्ज भरला.