बेसवालं नवीन काय आलंय?

मेमरी कार्ड भरून देण्याचे दिवस गेले, पण माझ्याकडे गाणी मागायला येणं लोकांनी सोडलेलं नाही. केमच्या पेठेत माझं मोबाईलचं दुकान आहे. समोरून कुंकवाची पोती टेम्पोत चढत असतात आणि उन्हाळ्यात काउंटरवर हात टेकला तरी तळवा लाल होतो. एप्रिल २०१६मध्ये ‘सैराट’ लागला. नागराज मंजुळे आमच्याच करमाळा तालुक्यातले, जेऊरचे. तेव्हा ‘झिंगाट’शिवाय एकही कार्ड दुकानाबाहेर पडलं नसेल. सप्टेंबरात जिओ आलं आणि तो धंदा बसला. गाण्यांचा पूर आला, पण त्यातलं कुठलं ऐकायचं ते सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून मी गाणी भरत नाही, शोधतो. पुण्यात वाजवणारी काही पोरं, टेंभुर्णी-करमाळ्याकडचे साउंडवाले आणि माझेच दोन कान, एवढं गिऱ्हाईक. मिळकत म्हणाल तर कधीतरी मटणाचं जेवण.

१० जुलै २०१५पासून जगभर नव्या गाण्यांचा वार शुक्रवार ठरला. त्याआधी इंग्लंडात सोमवारी तर अमेरिकेत मंगळवारी रेकॉर्ड यायची, आणि एकीकडे निघालेलं गाणं दुसरीकडे चोरवाटेनं आधीच पोचलेलं असायचं. आता बहुतेक गाणी ज्या त्या देशाच्या मध्यरात्री खुलतात. म्हणजे लंडनच्या एखाद्या पोरानं केलेली टेक्नो त्याच्या शेजाऱ्याच्या आधी साडेचार ते साडेपाच तास केममध्ये वाजते. मुंबईकडे जाणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस पुढे निघून गेलेली असते, गाव झोपलेलं असतं आणि मी अंगणात बाज टाकून लंडनवाल्यांना मागे टाकत असतो. या गोष्टीचा मला जरा जास्तच अभिमान आहे, हे बायकोचं मत.

ॲपनं केलेली शुक्रवारची यादी मी उघडून बघतो, पण तिच्यावर विसंबत नाही. मागच्या महिन्यात जे ऐकलं त्याचेच भाऊबंद ती घरी घेऊन येते. लेकीनं एकदा माझ्या फोनवर बडबडगीतं लावली, तर पुढे महिनाभर मला हत्ती आणि ससे नवीन रिलीज म्हणून सुचवले जात होते.

मी धरतो ती नावं. गाण्याखाली बारीक अक्षरात लिहिलेली: लेबल कुणाचं, मिक्स कुणी केलं, मास्टरिंग कुणाचं, रिमिक्सवाला कोण. २०२४मध्ये क्राटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ आलं, तेव्हा सगळे रील बघून नाचत होते. मी लेबलपाशी अडकलो. स्पिनिन रेकॉर्ड्स म्हणजे नेदरलँड्सचं, डान्स म्युझिकमधलं बडं नाव, आणि त्याच्या शिक्क्याखाली मराठी बोल! क्राटेक्स आपल्या कामाला ‘एम-हाउस’ म्हणतो, मराठी हाउस. तिथून मी उलटा निघालो. त्याची जुनी गाणी, त्याच्याबरोबर काम केलेले लोक, त्या लोकांचे आणखी सोबती. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाचं ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) असंच नावावरून नाव धरत हाती लागलं. आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर आणि रॅप करणारी शहरी पोरं एकाच गाण्यात आहेत, हे मला कुठल्याही यादीनं सांगितलं नव्हतं.

बँडकॅम्पवर आणखी एक सोय आहे. अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांचे छोटे छोटे फोटो असतात. फोटोवर बोट ठेवलं की त्या माणसाचं सगळं कपाट उघडतं. माझ्या आवडीच्या तीन अनवट गोष्टी ज्याच्याकडे सापडतील, त्याचं कपाट मी तळापर्यंत उपसतो. तो माणूस कोण, कुठला, याच्याशी मला देणंघेणं नाही. त्यानं खिशातून पैसे काढून हे घेतलंय, तेवढं मला पुरे.

ऐकायची रीत ठरलेली आहे. आधी फोनच्या फुसक्या स्पीकरवर. बेस गेल्यावरही गाण्यात काही उरतं का, ते तिथंच कळतं. मग इअरफोन. ड्रॉप, म्हणजे ताण सुटून बेस कोसळतो ती जागा, येईपर्यंत सगळेच ताणतात, त्यात काही विशेष नाही. ड्रॉप पडून गेल्यावरच्या पुढच्या सोळा बारमध्ये पोरगं काय करतं, ते मी ऐकतो. बहुतेक तिथंच उघडे पडतात. कुणी फाइल आणून दिली तर तिच्या फ्रिक्वेन्सीचा आलेख काढतो. नावात ‘३२०’ (केबीपीएस) लिहिलेलं असतं आणि आलेख सोळा हजार हर्ट्झच्या आसपास सुरीनं कापल्यासारखा सपाट तुटलेला असतो. म्हणजे १२८ची फाइल फुगवून ३२० केली. मोठ्या टॉप स्पीकरवर अशा फाइलमधली झांज पत्र्यासारखी वाजते.

नवं म्हणजे कालचंच असं मी मानत नाही. चरणजित सिंग मुंबईत सिनेमाच्या गाण्यांत वाजवायचे. १९८२मध्ये त्यांनी रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून रेकॉर्ड काढली. कुणी विचारलं नाही. शिकागोत त्यातल्याच टीबी-३०३ बेस यंत्रावर ॲसिड हाउस जन्मलं ते पाचेक वर्षांनी. २००२मध्ये एडो बाऊमन नावाच्या डच संग्राहकाला ती रेकॉर्ड दिल्लीच्या दुकानात सापडली, त्यानं सिंग यांना मुंबईत गाठलं आणि २०१०मध्ये ती पुन्हा काढली. कव्हरवर नाव छापलेलं होतं, म्हणून माणूस सापडला.

आमच्याकडच्या मिरवणुकीतल्या गाण्यांचं काय? हलगी मिक्स, संबळ मिक्स, साउंड चेक. हीसुद्धा इलेक्ट्रॉनिक म्युझिकच आहे, आणि माझ्या मते अस्सल इंडी, कारण मागे कंपनी नाही की मॅनेजर नाही. एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर रात्री बनतं, सकाळी व्हॉट्सॲपवर फिरतं, संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाजतं. त्याला शुक्रवार नाही, तारीख नाही, खाली बारीक अक्षरं नाहीत. म्हणून तर दर वीस सेकंदांनी कुणीतरी घोगऱ्या आवाजात डीजेचं नाव ओरडतं. शहरातले मित्र या टॅगला हसतात. मला त्यात हसण्यासारखं दिसत नाही. छापायला जागा मिळाली नाही, म्हणून पोरांनी नाव आवाजात कोरलं.

मध्यंतरी गावातला एक पोरगा ट्रॅक घेऊन आला. हलगी खरी रेकॉर्ड केलेली, खाली बेस गोल आणि संथ, मध्ये सगळं थांबून नुसती काडी वाजते ती जागा तर लाजवाब. मी म्हटलं, हे रीतसर रिलीज कर, टॅग मात्र काढ.

“टॅग काढला तर कुणाला कळणार, दादा, माझं हाय म्हणून?”

त्याचं चुकत नव्हतं. शेवटी दोन प्रती करायचं ठरलं: व्हॉट्सॲपसाठी टॅगवाली, रिलीजसाठी कोरी. ॲपवर गाणी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा फॉर्म उघडला. गाण्याच्या ओळखीचा बारा अक्षरी आयएसआरसी कोड ते देतात, बाकीचं आपण भरायचं. वादक या रकान्याशी मी थांबलो.

“हलगी कुणी वाजवली?”

“चुलत्यानं.”

“मग त्यांचं नाव नको?”

त्यानं तिथूनच फोन लावला. चुलते रानात होते, मोटर चालू होती, दोनदा सांगावं लागलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “टाका की. पण आधारवर हाय तसंच टाका. स्पेलिंग एकदा चुकलं की लई चकरा माराव्या लागत्यात.”