दोरापाशी उभा मिसावा

रात्री पुन्हा जपानी कुस्तीगीर मित्सुहारू मिसावाच्या उतारवयातल्या टॅग लढती लावून बसलो. पाहवत नाहीत, तरी पाहतो. हिरवी तुमान तीच, पण पोट सुटलेलं, मान खांद्यांत रुतलेली. धावपळ, उड्या सगळं तरुण जोडीदार गो शिओझाकीकडे. हा दोरापाशी दम खात उभा. टॅग मिळाला की आत येऊन कोपराचे दोन-चार तडाखे देतो. ते मात्र अजून कडक!

'नोआ' ही कुस्ती कंपनी त्यानेच २००० साली काढलेली. मालकच रिंगणात नसेल तर तिकिटं कोण काढणार, असं त्याला वाटत असावं.

१३ जून २००९, हिरोशिमा. टॅग लढतच. बॅक सुप्लेक्स बसला आणि तो उठलाच नाही. सत्तेचाळिसावा वाढदिवस पाच दिवसांवर आलेला.

ती लढत मी अजून लावलेली नाही.